आधी पाणी, मग वाट, मग झाडं : पुढच्या अंगणाबद्दल वाचकांचे प्रश्न

घरापुढच्या छोट्या अंगणात देशी झाडं लावून नीट पायवाट करायची, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. पहिलं उत्तर मोठं आहे, कारण बाकीच्यांनाही त्यातलं बरंच लागू पडेल.

प्रश्न : आमचं रो हाऊस कोथरूडला आहे. पुढचं अंगण २० फूट रुंद आणि १५ फूट खोल. बिल्डरने सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले आहेत. एप्रिल-मेमध्ये तिथे अनवाणी उभं राहता येत नाही आणि जोराचा पाऊस झाला की पाणी पायरीपर्यंत येतं. ब्लॉक काढून देशी झाडं लावायची आहेत. गेटपासून दारापर्यंत वाट आणि एका स्कूटरपुरती जागा हवी. नर्सरीवाल्यांनी लॉन आणि कडेने बांबू सुचवला आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : लॉन आणि बांबू दोन्ही नको. लॉनला उन्हाळ्यात जवळजवळ रोज पाणी लागतं. बांबूचं बेट चार-पाच वर्षांत कंपाउंडच्या भिंतीला भिडतं आणि मग आवरत नाही. झाडांचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि आधी पाणी बघा.

गच्चीचं पाणी कुठल्या पाइपने कुठे पडतं, अंगणाचा उतार कुठे आहे, हे पाण्याने भरलेल्या लेव्हल ट्यूबने तपासा. डोळ्यांना जे सपाट दिसतं ते बहुतेक वेळा घराकडेच उतरलेलं असतं. तुमच्या पायरीशी पाणी येतं त्याचंही कारण हेच असणार. मग जिथे झाडं लावायची तिथले चार ब्लॉक काढून फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. तो पाण्याने भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि आता तासाला पातळी किती उतरते ते मोजा. इंचभर किंवा जास्त उतरली तर काळजी नाही. अर्ध्या इंचाहून कमी उतरली तर खाली बिल्डरचा राडारोडा दाबून बसलेला आहे असं समजा. विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं आणि चुनखडी असलेल्या या थरात मुळं उतरत नाहीत. तो टिकावाने फोडून उचलावाच लागतो.

आता थोडं गणित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. गच्ची ६० चौरस मीटरची धरली तर २० मिलिमीटरच्या सरीत १,२०० लिटर पाणी खाली येतं. गेटजवळच्या कोपऱ्यात, घराच्या पायापासून किमान १० फूट लांब, ६ फूट बाय ५ फूट आणि ६ इंच खोल असा पसरट खळगा केला तर त्यात काठोकाठ भरून सव्वाचारशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. म्हणजे सगळी गच्ची त्यात सोडता येणार नाही. एकच पाइप तिकडे वळवा आणि खळग्याच्या गेटकडच्या काठाला, काठापेक्षा दोन इंच खाली, जादा पाणी गटाराकडे जाईल असं तोंड ठेवा. हे तोंड विसरलं की पहिल्याच वळवाच्या पावसात खळगा भरून पाणी वाटेवर येतं. डासांची भीती घालणारे भेटतील. पण डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडाभर तरी साचलेलं पाणी लागतं. खळगा एका दिवसात आटला पाहिजे. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर तळ आणखी फूटभर फोडून त्यात खडी भरा.

वाट ४ फूट रुंद ठेवा. तीन फुटांत एक माणूस पिशवी घेऊन जातो, पण दोघं शेजारी चालू शकत नाहीत आणि झाडं वाढली की तीनाचे अडीच होतात. गेट ते दार सरळ किंवा अगदी हलकं वळण असलेली वाट घ्या. नागमोडी वाट कागदावर छान दिसते, पण दूधवाला आणि कुरिअरवाला कोपरा कापून जातात आणि महिनाभरात वाफ्यातून दुसरी वाट पडते.

नवीन फरशी विकत घेऊ नका. काढलेले ब्लॉकच वापरा. ते मोडू नयेत म्हणून पहिली ओळ पहारीने अलगद उचलायची, नंतरचे हाताने सुटतात. १५ बाय ४ म्हणजे ६० चौरस फूट वाट आणि स्कूटरसाठी ७ बाय ४ म्हणजे २८ चौरस फूट, एवढे ब्लॉक पुन्हा बसवायचे आहेत. बाकीचे कडेला उभे लावायला येतील.

खोदाई ८ इंच. सर्वांत खाली मुरूम, दाबून झाल्यावर ४ इंच राहील असा. नुसत्या वाटेसाठी दाबलेला २० घनफूट म्हणजे सुटा २५ घनफूट, पाव ब्रास. स्कूटरच्या जागेसाठी साधारण १२ घनफूट आणखी धरा. मुरूम एकदम ओतायचा नाही. दोन-दोन इंचांचे थर, प्रत्येकावर पाणी शिंपडून धुम्मसने ठोकायचं. गवंडी घाईत असला तर सगळा माल एकदम टाकून वरून ठोकतो, तेव्हा वरचा दीड इंच घट्ट होतो, खालचा पोकळ राहतो आणि दिवाळीपर्यंत वाट मधोमध खचते. मुरुमावर दीड इंच जाड क्रश सँड किंवा कच, त्यावर ब्लॉक. लेव्हल चुकली म्हणून कचेचा थर तीन इंच करू देऊ नका, चूक मुरुमातच दुरुस्त करायची. रुंदीत ४ फुटांना एक इंच असा उतार वाफ्याच्या बाजूला द्या. दोन्ही कडांना उभे ब्लॉक १:४ च्या मालात (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) बसवा, नाहीतर वाट बाजूंना सरकत जाते. सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडूने भरायची, आठवड्याने पुन्हा भरायची. सिमेंटचं पाणी ओतून सांधे बंद केले तर पाणी जिरायची एक जागा जाते.

वाफ्याची माती वाटेपेक्षा दोन इंच खाली राहिली पाहिजे. बहुतेक अंगणांत उलटं करतात. वाफे उंच, वाट खाली. मग प्रत्येक पावसात माती वाटेवर येते आणि झाडं मात्र कोरडी राहतात. शिवाय खोदण्याआधी तीन गोष्टी बघून ठेवा : गेट आत उघडत असेल तर नव्या वाटेवर घासणार नाही ना, ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण झाकलं जाणार नाही ना आणि अर्थिंगचा खड्डा व पाण्याचा पाइप नेमका कुठून गेला आहे.

झाडांसाठी सुमारे २१० चौरस फूट उरतात. झुडपांसाठी २ फूट लांब-रुंद-खोल खड्डे, बाकी वाफा फूटभर खोल. भरायला चार घमेली मातीला एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत. याहून जास्त खत देऊ नका. आपली रानातली झुडपं खत जास्त झालं की नुसती पानावर जातात, लांबट होतात आणि वाऱ्याने आडवी पडतात. माती पहिल्या पावसात बसते, म्हणून हिशेबापेक्षा थोडी जास्तच धरा.

एक पारिजातक, भिंतीपासून ६ फूट आणि वाटेपासून ५ फूट लांब. फुलं वाटेवर पडली तर तुडवली जाऊन चिकट होतात. त्याच्या सावलीत एकेक फुटावर सात अबोली. उन्हाच्या कोपऱ्यात एक धायटी, तिला चारही बाजूंना अडीच फूट मोकळे हवेत, कारण फांद्या कमानीसारख्या झुकतात. कंपाउंडलगत तीन फुटांवर दोन अडुळसे, स्कूटरच्या कडेला दोन-दोन फुटांवर पाच पिवळ्या कोरांट्या. कोरांटीला काटे असतात, त्यामुळे तिथून कोणी आडवं जात नाही. ग्रिलवर शतावरी. खळग्यात पाच वाळा आणि तीन पेव. एक कागदी लिंबू आणि एक कढीपत्ता असू द्या. या दोन्हींची पानं अळ्या कुरतडतील. फवारा घेऊन धावू नका, ती फुलपाखरांची पिल्लं आहेत. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं.

लागवड जूनचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर करा. वाटेचं काम मात्र मेमध्येच संपवा. ओल्या मुरुमाचा चिखल होतो आणि तो दाबला जात नाही. पावसाळा संपला की पहिल्या वर्षी प्रत्येक झुडपाला तीन-चार दिवसांनी ५ लिटर पाणी, दुसऱ्या वर्षी आठवड्याने, तिसऱ्या वर्षी पंधरवड्याने. बुंध्यापासून तीन इंच सोडून वाळक्या पाल्याचं दोन-तीन इंच आच्छादन ठेवा. पाला बुंध्याला टेकला तर साल कुजते.

प्रश्न : रत्नागिरीत आमच्या घरापुढे जांभ्याच्या चिऱ्यांची वाट आहे. दोन्ही बाजूंना आंबा. पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि दरवर्षी कोणीतरी घसरतं. चिरे काढून टाइल बसवावी का?

उत्तर : टाइल अजिबात नको, ती ओली झाली की जांभ्यापेक्षा जास्त घसरते. रत्नागिरीच्या पावसात आणि आंब्याच्या सावलीत शेवाळ येणारच. प्रश्न पाणी किती वेळ थांबतं याचा आहे. बहुतेक वेळा चिऱ्यांचे सांधे सिमेंटने भरलेले असतात आणि वाट आजूबाजूच्या मातीपेक्षा खाली गेलेली असते. जांभा पाणी पितो आणि बाजूची ओली माती त्याला वाळू देत नाही.

मार्चमध्ये सांध्यांतलं सिमेंट छिन्नीने काढून त्यात कच भरा. वाटेच्या दोन्ही कडांची माती तीन इंच खाली घ्या आणि उताराच्या बाजूला हातभर रुंद चर काढून त्यात खडी भरा. जे चिरे मधोमध झिजून खोलगट झाले आहेत ते उलटे करून बसवा, खालची बाजू अजून खडबडीत असते. आंब्याच्या खालच्या दोन-तीन फांद्या काढल्या तर सकाळचं ऊन वाटेपर्यंत येईल. एवढ्याने बराच फरक पडतो. पाखाडीला, म्हणजे चढावरच्या वाटेला, पायऱ्या असतील तर प्रत्येक पायरी पुढच्या बाजूला अर्धा इंच उतरती हवी.

साफ करायला नारळाच्या काथ्याचा किंवा कडक प्लास्टिकचा ब्रश. तारेच्या ब्रशने आणि प्रेशर पंपाने जांभ्याचा मऊ भाग निघून जातो, भोकं मोठी होतात आणि पुढच्या वर्षी शेवाळ अधिकच धरतं. उघडीप मिळाली की १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून अर्धा तास ठेवायची, मग घासून धुवायची. हे पाणी वाफ्यात जाऊ देऊ नका. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

आंब्याच्या सावलीत वाटेच्या कडेला अबोली, रानहळद आणि नेचे उत्तम. जिथे निम्मं ऊन येतं तिथे बकोरा, ज्याला नर्सरीत इक्झोरा म्हणतात. मात्र नर्सरीतले बारीक पानांचे ठेंगणे प्रकार बहुतेक बाहेरचे किंवा संकरित असतात. गावातल्या एखाद्या जुन्या झाडाची फांदी आणून लावलेली बरी.

प्रश्न : देशी झाडं लावायची म्हणून यादी केली : चाफा, बोगनवेल, सदाफुली, झेंडू, गुलबक्षी, शंकासुर. बरोबर आहे ना? (नाशिक)

उत्तर : यातलं एकही मूळचं इथलं नाही. देवळातला पांढरा-पिवळा खुरचाफा आणि झेंडू मेक्सिकोकडचे, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, सदाफुली मादागास्करची आणि गुलबक्षी व शंकासुरही अमेरिका खंडातले. म्हणून ती उपटून टाका असं नाही. झेंडूवाचून दसरा कोण करणार? पण फुलपाखरांच्या अळ्यांना, इथल्या मधमाश्यांना आणि सूर्यपक्ष्यांना त्यातून काय मिळतं हे बघून प्रमाण ठरवा. अंगणात दहा झुडपं असतील तर सात-आठ इथली असू द्या.

घाणेरी आणि कुंपणाची दुरंता मात्र लावूच नका. त्यांची फळं पक्षी खातात, बिया रानात जातात आणि घाणेरीने डोंगरउतारांवर काय केलं आहे ते गावोगावी दिसतंच. नाशिकच्या हवेत त्यांच्या जागी करवंद, निर्गुडी आणि तरवड चालतील. करवंद दर तीन फुटांवर लावून वर्षातून दोनदा छाटलं तर तीन वर्षांत काटेरी कुंपण तयार होतं. छाटणी फळं संपल्यावर, पावसाच्या सुरुवातीला करा. हिवाळ्याच्या शेवटी छाटलं तर त्या वर्षी करवंदं मिळणार नाहीत. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत ही रोपं मिळतात आणि खासगी नर्सरीपेक्षा स्वस्त असतात. जूनआधी जाऊन चौकशी करा.

लहान मुलं असतील तर कण्हेर, पिवळी बिट्टी आणि कळलावी वाटेलगत नको. तिन्ही विषारी आहेत.

प्रश्न : परभणीत काळ्या जमिनीवर घर आहे. फरशीची वाट दोनदा केली, दोनदा फुटली. एकदा तर खाली चार इंच काँक्रीट होतं. कारण काय?

उत्तर : काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच जागी ऑगस्टमध्ये जमीन वर आलेली असते. चार इंचांचं काँक्रीट ही हालचाल रोखू शकत नाही. ते सलग असल्याने एका जागी वर उचललं गेलं की दुसऱ्या जागी मोडतं. वाटेच्या एकाच बाजूला रोज पाणी घालत असाल तर प्रकार आणखी वाढतो. एक बाजू कायम फुगलेली, दुसरी आकसलेली.

इथे वाट लवचीक ठेवायची. दीड फूट काळी माती काढा आणि तिथे फक्त मुरूम भरा, तीन-तीन इंचांच्या थरांत पाणी मारून दाबलेला. खोदाई वाटेपेक्षा दोन्ही बाजूंना अर्धा फूट जास्त रुंद घ्या, म्हणजे कडेखालची माती फुगली तरी फरशीची कड उचलली जाणार नाही. वर दोन इंच कच आणि त्यावर सुट्या, फूट बाय फूट किंवा दीड फूट बाय दीड फूट शहाबादी फरश्या, दीड इंच जाडीच्या. मोठ्या फरश्या तडकतात. सांधे अर्धा इंच उघडे ठेवून कच भरा. गुळगुळीत फरशी आलीच असेल तर पाट्याला लावतात तशी टाकी लावून घ्या. एखादी फरशी वर आली तर ती उचलायची, खालची कच सारखी करायची आणि परत बसवायची. दहा मिनिटांचं काम आहे. दरवर्षी दोन-चार फरश्यांचं असं होणार हे धरूनच चला.

झाडं अर्धा फूट उंच वरंब्यावर लावा. मागच्या उत्तरांत वाफा वाटेपेक्षा खाली ठेवा असं म्हटलं आहे, ते काळ्या जमिनीला लागू नाही. इथे पाणी जिरत नाही, मुळं कुजतात. वरंबा वाटेपासून दोन फूट लांब आणि मध्ये उथळ चर. निर्गुडी, तरवड, कोरांटी आणि शतावरी या जमिनीत चांगल्या येतात.

प्रश्न : कास पठारावरची काही फुलं आणि एखादी कारवी आणून अंगणात लावता येईल का? (सातारा)

उत्तर : नाही. कास हा पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे, २०१२ पासून. तिथून रोप, कंद किंवा बी काहीही उचलायचं नसतं. आणि आणलं तरी जगणार नाही. ती फुलं कातळावरच्या काही इंच मातीत, चार महिने सतत ओल आणि पुढे कडकडीत कोरडं अशा चक्रावर जगतात. शेणखत घातलेल्या वाफ्यात कंद कुजतात. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि नंतर वाळते, छोट्या अंगणात एवढी जागा अडवण्यात अर्थ नाही. पावसाळी रंग हवा असेल तर तेरड्याचं बी मेअखेर शिंपडा. एकदा आला की दरवर्षी आपोआप उगवतो. शेंग हात लावताच फुटून बी उडतं, त्यामुळे वाटेच्या सांध्यांतही उगवेल. तिथला लहान असतानाच उपटायचा.

प्रश्न : देशी झाडांची बाग केली, पण शेजारी म्हणतात जंगल माजवलंय, साप येतील. शिवाय मेमध्ये निम्मी बाग वाळून जाते. काय करावं? (ठाणे)

उत्तर : साप झाडांसाठी येत नाही, उंदीर आणि बेडकांमागे येतो आणि लपायला जागा शोधतो. रचून ठेवलेल्या विटा, रिकाम्या कुंड्यांची चळत, बांधकामातून उरलेल्या फरश्या आणि कुत्र्याचं उघडं खाणं आधी हलवा. फिनेल किंवा गंधकाची रेघ मारून काही होत नाही. प्लास्टिकची जाळीही जमिनीलगत बांधू नका, त्यात साप अडकून मरतात. वाटेच्या दोन्ही कडांना दीड फुटापर्यंत फक्त ठेंगणी झाडं ठेवा म्हणजे पाय कुठे पडतो ते दिसतं, आणि पायरीशी दिवा लावा. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरही हाच उपाय बरा. कडा सरळ, वाट झाडलेली आणि पुढची रांग एका उंचीची असली की मागे कितीही दाट असलं तरी लोक त्याला बाग म्हणतात.

मेमध्ये जे वाळतं त्यातलं बरंचसं मेलेलं नसतं. पेव आणि रानहळद उन्हाळ्यात वरून संपतात आणि कंद जमिनीत राहतात. पाणी वाढवून ते हिरवे होणार नाहीत, उलट कंद कुजतील. डोळ्यांना हिरवं हवं असेल तर निम्मी झाडं सदाहरित घ्या : अडुळसा, बकोरा, कढीपत्ता, करवंद. धायटी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत लाल फुलांनी भरते, काळा कुडा एप्रिल-मेमध्ये पांढरा होतो. ऐन उन्हाळ्याची सोय या दोघांनी होते, फक्त कुडा लहान वृक्ष आहे, त्याला भिंतीपासून ८ फूट द्या. आणि कंद वाळू लागले की, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच, प्रत्येक गड्ड्याशेजारी बांबूची कामटी रोवून त्यावर नाव लिहून ठेवा. नाहीतर फेब्रुवारीत रिकामी जागा दिसली म्हणून माळी तिथे कुदळ घालतो.